पेटी बोलता कामा नये

“हिच्या खोलीत रात्री रिकामं खोकं ठेवत जाऊ नकोस,” असं सासूबाईंनी वहिनीला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. हातातला रंगाचा ब्रश खाली न ठेवता, तिच्याकडे न बघता, दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणावं तितक्या सहज. ‘हिच्या’ म्हणजे सुतळीच्या. नणंद तेव्हा अकरा वर्षांची, अंगापिंडाने नावासारखीच. वहिनीची पदवी ताजी होती आणि अशा सांगण्यांकडे हसून बघायचं वयही. काहीतरी जुनी समजूत असेल, असं तिला वाटलं. तिने ‘हो हो’ म्हटलं आणि त्याच संध्याकाळी भेटवस्तूंचं एक रिकामं खोकं सुतळीच्या खाटेशेजारी सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एकाच्याही पायात घालायला चप्पल नव्हती. सगळ्यांच्या चपला, बूट, पाहुण्यांचे सँडल, झाडून सगळं त्या खोक्यात होतं. टाच एकीकडे, चवडा एकीकडे, मधल्या जागेत रद्दीचे बोळे, वरून दोरीची गाठ. आणि सुतळी खाटेवर गाढ झोपलेली, बोटांना छापील शाई लागलेली.

सासऱ्यांनी खोकं उचललं, कानाशी धरून हलवलं. आतून हूं की चूं नाही.

“छान भरलंय,” ते म्हणाले आणि अनवाणी कारखान्यात निघून गेले.

त्या दिवशी वहिनीला दोन गोष्टी कळल्या. एक, तिची नणंद झोपेत उठते आणि सामान भरते. दोन, या घरात त्याचं कोणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. तीन पिढ्या लाकडी खोकी बांधण्यात गेलेल्या. यंत्रं, काचा, आरसे, एकदा तर अख्खा पियानो, सगळं यांच्या खोक्यांतून जहाजावर चढलेलं. कारखान्याचा नियम एकच, आणि तो पाटीवर लिहायची कधी गरज पडली नाही: पेटी बोलता कामा नये. हलवली आणि आतून खुट्ट झालं, की ती पुन्हा उघडायची.

सासूबाई जाऊन आता चार वर्षं झाली. रिकाम्या खोक्यांची राखण तेव्हापासून वहिनीकडे. दिवे लागायच्या आत घरातला प्रत्येक पुठ्ठा दुमडून माळ्यावर. तीन वर्षं काही घडलं नव्हतं. सुतळीने तर जाहीरच करून टाकलं होतं की ते आता बंद झालंय. आणि वहिनीनेही तसंच धरून चालायचं ठरवलं असतं, जर सुतळीला दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नसता. कारण हॉस्टेलला जायचं तर सामान भरायचं, सामान भरायचं तर पेटी हवी, आणि भरायच्या आधी प्रत्येक पेटी रिकामीच असते.

*

“‘खोलीच्या भिंतीवर खिळा ठोकण्यास सक्त मनाई आहे,’” बाबांनी, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांनी, हॉस्टेलच्या यादीतली शेवटची ओळ चौथ्यांदा वाचली. “मग कपडे टांगायचे कशावर? वॉर्डनच्या नाकावर?”

उद्या सकाळी सात वाजता गाडी येणार होती. मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी बनवलेल्या दोन पेट्या भिंतीशी होत्या. मोठी सामानाची, धाकटी अंथरूण-पांघरुणाची. दोन्ही साडेपंधरा इंच उंच.

“बाबा, चिकटणारे हुक मिळतात हल्ली,” वहिनीचा नवरा म्हणाला.

“चिकटणारे!” बाबांनी हा शब्द घरात शिव्या द्यायला बंदी असल्यासारखा तोंडातल्या तोंडात विरवला.

“छोट्या, ती यादी ठेव बाजूला,” खुर्चीतून शिट्टीआत्या म्हणाल्या. त्या बाबांच्या थोरल्या बहीण. मुलींच्या हॉस्टेलवर अठ्ठावीस वर्षं रेक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. साठी उलटलेल्या भावाला छोट्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. “यादी करणारे कधी हॉस्टेलात राहिलेले नसतात. मी सांगते ते घ्या. बादल्या दोन.”

“यादीत एकच आहे.”

“एक वापरायची, एक चोरीला जायची.”

“मग चोरीला जायची ती नेताच कशाला?”

“नाही नेली तर वापरायची जाते.”

बाबांनी यावर विचार केला. त्यांना यात चूक सापडेना, म्हणून त्यांनी विषय बदलला. “खाटेखाली सोळा इंच मोकळे आहेत. मी तीनदा फोन करून विचारलंय. वर अर्धा इंच हवा खेळायला. पेटी सरकन आत.”

“तिसऱ्यांदा त्या बाई काय म्हणाल्या तेही सांगा,” नवरा म्हणाला.

“म्हणाल्या, ‘आपण फर्निचरचे कंत्राटदार का?’ मी म्हटलं, नाही, बाप.”

सुतळी मोठ्या पेटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. पेटीवर काळ्या रंगात, पत्र्याच्या साच्यातून, एक वर जाणारा बाण आणि खाली ठळक ‘नाजूक’.

“बाबा, मी कॉलेजला चाललेय. मी काय काचेचं सामान आहे? पहिल्याच दिवशी माझं नाव नाजूक पडेल.”

“सुतळीपेक्षा बरं,” नवरा म्हणाला.

“दादा, तू गप्प बस. आत्या, सांग ना यांना!”

“छोट्या, ‘नाजूक’ पूस,” आत्यांनी निकाल दिला. “बाण राहू दे. हमाल बाण बघत नाहीत, पण त्यांना बरं वाटतं.”

“आणि मला एवढं सगळं लागतच नाही,” सुतळी म्हणाली. आठवडाभर ती हेच म्हणत होती. “दोन जीन्स, चार टॉप, लॅपटॉप. एक बॅग पुरे. बाकीचं तिथे बघता येईल.”

“पहिल्या दिवशी सगळ्या हेच म्हणतात,” आत्या म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांचे टॉवेल शोधत हिंडतात.”

मग सगळ्यांचा मोर्चा वहिनीकडे वळला, कारण वहिनी औषधांचा डबा भरत होती. डबा कसला, लहानसा दवाखानाच. बावीस पुड्या आणि प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. नवऱ्याने एक उचलून वाचली.

“‘किडा चावला तर.’ बरं. आणि ही? ‘किडा चावला असं वाटलं तर.’ दोन्हीत फरक काय?”

“पहिलीत मलम आहे. दुसरीत बडीशेपेची गोळी.”

“गोळीने काय होतं?”

“काही होत नाही. पण काहीतरी घेतल्यासारखं वाटतं.”

आत्या इतक्या हसल्या की शिट्टी आपोआप वाजली. बाबा हसले, सुतळी हसली, आणि वहिनीची चार वर्षांची लेक बटण कशाला हसतायत ते न कळता सगळ्यात जोरात हसली. वहिनीही हसली. पण तिची एक नजर धाकट्या पेटीवर होती. ती आज रात्री उघडी आणि रिकामी राहणार होती. सुतळी सकाळी उठेल, मग तिची गादी आणि पांघरूण त्यात जाईल. त्याला इलाज नव्हता.

“हा फॉर्म राहिलाय,” आत्यांनी प्रवेशाच्या फायलीतून एक कागद ओढला. फाईल लाल, आत सगळी मूळ प्रमाणपत्रं. ती दुपारी बाराच्या आत तिथल्या खिडकीवर दाखवली नाहीत तर खोली दुसऱ्या मुलीला. “रक्तगट लिहिलाय. चष्मा नाही. ‘झोपेसंबंधी काही तक्रार आहे का?’”

खोलीत हसणं होतं ते जागच्या जागी थांबलं.

“नाही,” सुतळी म्हणाली.

“कोरं सोडू की नाही लिहू?”

“नाही लिही. आत्या, तीन वर्षं झाली. मला काय हौस आहे का कोणाला सांगायची?” तिचा आवाज चढला, मग खाली आला. “खरं सांगते, ते चालू असतं ना, तर मी अर्जच केला नसता. परक्या मुलीच्या चपला भरून ठेवायच्या म्हणजे! इथेच शिकले असते.”

“खोली कुठली मिळतेय?” आत्यांनी विचारलं.

“तिसरा मजला. गॅलरीची.”

आत्यांनी वहिनीकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं मुलींचे चेहरे वाचलेली नजर. वहिनीने पुड्या मोजायला घेतल्या. बावीसच भरल्या.

“उद्या सकाळी भरू,” आत्या म्हणाल्या. “पेन चांगलं नाहीये.” पेन चांगलंच होतं.

*

कारण सोमवारपासून ते पुन्हा सुरू झालं होतं आणि ते फक्त वहिनीला माहीत होतं.

सोमवारी ती पाण्यासाठी पहाटे उठली, तर मोठी पेटी भरलेली. कपडे नाहीत, पुस्तकं नाहीत. बाबांचा चष्मा मोज्यात घातलेला. नवऱ्याचा मोजपट्टीचा टेप. बटणचा एक लाल बूट. मधल्या जागेत सुतळीचेच टॉप चुरगाळून भरलेले. वहिनीने घाईघाईने सगळं काढून जागच्या जागी ठेवलं. मंगळवारी पुन्हा तेच. भर म्हणून वहिनीचा कंगवा. बुधवारी आत्या राहायला आल्या आणि गुरुवारी पेटीत शिट्टी निघाली. ती गळ्यातून कशी काढली हे वहिनीला आजतागायत कळलेलं नाही. रोज पाचचा गजर, रोज पेटी रिकामी, आणि रोज सकाळी नाश्त्याला सुतळी त्याच टेबलावर कोपर टेकून सांगायची, “मला काही लागत नाही.”

सांगावं तर ती जाणार नाही. न सांगावं तर तिसरा मजला, गॅलरी. वहिनी स्वतः कधी हॉस्टेलात राहिली नव्हती. तिचं कॉलेज घरापासून दोन थांब्यांवर होतं. तिला त्या खोलीचं फक्त एकच चित्र दिसायचं. गॅलरीचं दार, आणि त्याची कडी आतून.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर बाबांनी तिला मागच्या ओट्यावर बोलावलं. रंध्याचा भुसा अंगावर तसाच होता.

“सूनबाई, एक बोलायचंय. घरात कोणाला सांगू नकोस.”

“काय झालं बाबा?”

“माझं डोकं चालेनासं झालंय.” त्यांनी हे खोक्याचं माप सांगावं तसं सांगितलं. “गेले काही दिवस बघतोय. चष्मा मी रात्री न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतो. सकाळी तो फडताळात असतो. छान घडी घालून. मी ठेवलेला मला आठवत नाही. चार दिवस झाले. काल गेलो डॉक्टरांकडे.”

 चष्मा फडताळात वहिनीच ठेवत होती. चष्म्याची जागा फडताळ, असं तिला वाटलं होतं.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. मी विचारलं, इंच की सेंटिमीटर? त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.” बाबांनी बाहीवरचा भुसा झटकला. “पुढच्या आठवड्यात बोलावलंय. सुतळीला कळू देऊ नकोस. कळलं तर ती सामान टाकून बसेल इथे. आईच्या वेळी बसली होती तशी.”

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. ‘बाबा, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही,’ एवढंच. पण बाबांच्या पोटात गोष्ट राहत नसे. पाच मिनिटांत घर गोळा झालं असतं आणि गाडी रिकामी परत गेली असती. फक्त आजची रात्र, वहिनीने स्वतःला बजावलं. गाडी निघाली की पहिलं काम हे. तिने पाचचा गजर लावला आणि फोन उशाशी ठेवून दिला.

*

तिला जाग आली तेव्हा बटणच्या केसांवर ऊन होतं.

उशाशी फोन नव्हता. उशीखाली नव्हता. खाटेखालीही नव्हता. आणि बाहेरून आवाज येत होता: ठक, ठक, ठक. तीन घाव, मग थोडं थांबणं, मग तीन घाव. बाबा खिळे ठोकत होते.

ती तशीच धावली. मधल्या खोलीत धाकटी पेटी बंद. झाकणाला चहूबाजूंनी खिळे. बाबा शेवटच्या खिळ्याचं डोकं बोटाने चाचपून बघत होते, कारण डोळ्यांवर चष्मा नव्हता.

“सूनबाई, सकाळी लवकर उठून भरलीस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “उघडी दिसली, म्हटलं ठोकून टाकू.”

“बाबा, मी...”

“वहिनी, ही कुठे ठेवू?” दारात सुतळी उभी होती. हातात गुंडाळलेली गादी, खांद्यावर पांघरूण, उशी हनुवटीखाली धरलेली.

बाबांनी गादीकडे बघितलं. मग पेटीकडे. मग पुन्हा गादीकडे.

“मग यात काय आहे?”

“लाल फाईल कोणी घेतली?” आतून आत्यांचा आवाज आला. “टेबलावर नाही. आणि माझी शिट्टी?”

पुढच्या दहा मिनिटांत घर उलटंपालटं झालं. फाईल नाही. नवऱ्याचा टेप नाही. आत्या गळा चाचपत हिंडत होत्या. शिट्टीवाचून त्यांना हाक मारता येत नव्हती, म्हणून त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. बाहेर गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला आणि घरातला गोंधळ ऐकून दुसऱ्यांदा दिला नाही.

“फाईल पेटीत असणार,” नवरा म्हणाला. “उघडूया.”

“हलवून बघतो आधी,” बाबा म्हणाले. त्यांनी पेटीचं एक टोक उचललं, दुसरं नवऱ्याने. डावीकडे, उजवीकडे. आतून काहीच नाही. एवढ्या गडबडीतही बाबांचा चेहरा खुलला. “बघ. बोलते का? सुटी फाईल असती तर सरकली असती. यात फाईल नाही.”

“अगं, तुझा फोन लावून बघू का?” नवऱ्याने वहिनीला विचारलं. “तोही मिळत नाहीये ना?” आणि ती ‘नको’ म्हणायच्या आत त्याने लावला.

 मग पेटीच्या आतून, लाकडातून, अगदी स्पष्ट लहान मुलीच्या आवाजात ओरडणं आलं: “आई, फोन! आई, फोन! आई, फोन!”

आत्या मटकन खुर्चीत बसल्या. नवऱ्याच्या हातून पेटीचं टोक सुटलं. सगळ्यांच्या नजरा बटणकडे गेल्या. बटण दारात उभी होती, एका पायात लाल बूट, डोळे विस्फारलेले.

“मी आत आहे?” तिने विचारलं.

“नाही गं राणी, तो माझा फोन आहे. तुझा आवाज मीच भरलाय त्यात,” वहिनीने तिला उचलून घट्ट धरलं.

बाबा एवढं काही ऐकतच नव्हते. ते पेटीकडे बघत होते.

“माझी पेटी बोलली,” ते म्हणाले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

*

खिळे उपटायला वेळ लागला, कारण ते बाबांनी ठोकले होते. झाकण निघालं तेव्हा सगळे वाकले.

वर चुरगाळलेली रद्दी, दाबून. बाबांनी ती काढली नाही. तिच्यावरून तळहात फिरवला, कोपऱ्यात बोटं घातली, एक बोळा उचलून हातात वजन केलं. मोज्यात चष्मा होता. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला, पण त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. टेप मफलरमध्ये. लाल फाईल बाजूच्या फळीला सपाट टेकवलेली, सरकू नये म्हणून तिच्यापुढे उशीचा अभ्रा घडी करून. शिट्टीच्या भोकात कापूस.

“हे कोणी भरलं?” बाबांनी विचारलं.

त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“दादा नाही. तो कोपरे सोडतो. ताई नाही, ताईचं सामान शिस्तीत उभं असतं, प्रार्थनेला उभं केल्यासारखं. सूनबाई नाही, ती प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी आणि चिठ्ठी करते.” बाबा हळूहळू बोलत होते. “ही बांधणी आपल्या घरातली आहे. मी शिकवतो तशी. म्हणजे मीच...” त्यांनी हात मागे घेतला आणि चष्म्यातून वहिनीकडे बघितलं. ते बघणं तिला सहन होईना. “सूनबाई, मीच भरलं का हे? मला खरंच आठवत नाही.”

वहिनीने बटणला खाली ठेवलं.

“तुम्ही नाही बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. चष्मा फडताळात रोज मी ठेवत होते. रोज पहाटे पेटीतून काढून. सोमवारपासून.” आणि मग सुतळीकडे न बघता, कारण बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, “सुतळी भरते. झोपेत. मी सांगितलं नाही. चुकलं माझं.”

“डोक्याला काय झालंय बाबांच्या?” सुतळीने विचारलं. पहिली गोष्ट तिने तीच विचारली.

“काही नाही. डॉक्टरांनी वजाबाकी करायला लावली,” बाबा म्हणाले. आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं पोट हललं, मग ते जमिनीवरच बसले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. “इंचात की सेंटिमीटरमध्ये! आणि मी दोन रात्री झोपलो नाही गं!”

“झोपला नाहीत तरी मला बघितलं नाहीत?” सुतळी ओरडली.

“डोळे मिटून पडलो होतो. चष्मा नव्हता ना!”

नवरा हसला नाही. “पाच दिवस तुला माहीत होतं,” तो वहिनीला म्हणाला, “आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस.”

“हो, सांगितलं असतं!”

“म्हणूनच.”

“शू!” आत्यांनी कापूस काढून शिट्टी फुंकली. अठ्ठावीस वर्षांचा परिणाम असा की बाहेर ड्रायव्हरनेही गाडीचं इंजिन बंद केलं. “नंतर भांडा. साडेसात वाजलेत.”

सुतळी गादीच्या वळकटीवर बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी जात नाही,” ती म्हणाली. “गाडी परत पाठवा. काल म्हटलं होतं ना मी? हे चालू असेल तर नाही जायचं. तिथल्या मुलीची फाईल उद्या मी भरून ठेवली तर? गॅलरीत गेले तर? वहिनी, तू मला तिसऱ्या मजल्यावर पाठवत होतीस!”

 वहिनीने पाच दिवस केलेली सगळी युक्ती या एका वाक्यात मावत होती.

“माझ्याकडे एक होती,” आत्या म्हणाल्या, “झोपेत गणितं सोडवायची. मोठमोठ्याने. सगळी चुकीची. शेजारणीला वर्षभर झोप नाही. शेवटी शेजारीण गणितात पहिली आली, चुका पकडून पकडून. दुसरी एक झोपेत माझी नक्कल करायची. ती मात्र अगदी हुबेहूब. सुतळे, फॉर्ममध्ये लिहायचं असतं ते. लिहिलं की तळमजला देतात. खिडकीला गज, शेजारी वॉर्डन.”

“वॉर्डनच्या शेजारी! सगळ्या हसतील.”

“हसतील. मग आंघोळीच्या वेळी रडतील. गरम पाणी तळमजल्याला पहिलं येतं. तिसऱ्या मजल्याला पोचेपर्यंत ते पाणी थंड आणि पोरींची परीक्षा संपलेली.”

सुतळीच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण ती उठली नाही. “मला जायचंच नसेल मग. नाहीतर हे परत कशाला सुरू झालं असतं? जायचं नाही म्हणूनच मी रात्री...”

“खोटं,” बाबा म्हणाले.

ते अजून जमिनीवरच होते. त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली.

“इकडे ये. बघ. ज्याला जायचं नसतं, त्याची पेटी वाजते. तो वस्तू नुसत्या फेकतो. ही बघ.” त्यांनी रद्दीत हात घातला. “या फाईलला एका केसाचीही हालचाल नाही. ही पेटी जहाजावर चढवली, सहा महिने समुद्रात ठेवली, तरी आतली काच तडकायची नाही. माणसाला हे शिकवायला मला सहा वर्षं लागतात. तू झोपेत करतेस. पाठवायचं नसताना इतकं चांगलं कोणी बांधत नाही, सुतळे. तुला जायचंय. फक्त आम्हाला घेऊन जायचंय.”

सुतळीने पेटीत बघितलं. चष्म्याचा मोजा, टेप, बटणचा दुसरा लाल बूट, वहिनीचा कंगवा, फोन. लाल फाईल सोडली तर तिचं स्वतःचं काहीच नव्हतं.

“वहिनी, पाचही दिवस हेच?”

“हेच. गुरुवारी शिट्टी वाढली.”

“आणि मी खाली येऊन म्हणायचे, मला काही लागत नाही.”

“रोज. चहा पिताना.”

सुतळी हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही एकदम सुरू झाल्याने तिला उचकी लागली. नवऱ्याने पाणी आणलं. कोणाशी न बोलता त्याने एक पेला वहिनीलाही दिला, तेव्हा तिला कळलं की त्या दोघांचं भांडण रात्रीपर्यंत मिटेल.

मग सुतळीने लाल फाईल उघडली, फॉर्म काढला आणि त्या न चालणाऱ्या पेनाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. आत्यांनी खांद्यावरून वाचून दाखवलं: “‘झोपेसंबंधी काही तक्रार आहे का? तक्रार नाही. झोपेत सामान भरते. तळमजल्याची खोली द्यावी.’ आणि हे काय खाली?”

“‘चांगलं भरते,’” सुतळी म्हणाली. “बाबा म्हणालेत.”

*

पेटीत आता गादी गेली, पांघरूण गेलं. प्रत्येकाने आपापली वस्तू परत घेतली. टेप, कंगवा, चष्मा. बटणने मात्र बूट घेतला नाही. “सुतळीआत्याला राहू दे,” तिने ठणकावून सांगितलं आणि उरलेला बूट पायात घालून लंगडत फिरली. बाबांनी तो एकच लाल बूट गादीच्या घडीत असा बसवला की हलवून बघितलं तरी तो आहे हे कळू नये. आत्यांनी दोन बादल्या गाडीत चढवल्या. नवरा बाण पुन्हा रंगवत होता.

झाकण ठोकायला दोन मिनिटं होती. वहिनी औषधाच्या डब्याच्या चिठ्ठ्यांचं पॅड घेऊन ओट्यावर बसली. तेविसावी चिठ्ठी तिने भरभर लिहिली, घडी घातली आणि औषधांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवली. सुतळीचं नाव नव्हतं तिच्यावर.

‘सुतळीसोबत राहणाऱ्या मुली,

तुझं नाव मला माहीत नाही. या डब्यातलं काही लागलं तर घे, प्रत्येक पुडीवर लिहिलंय. रिकामं खोकं रात्री खोलीत ठेवू नकोस. मला हे सात वर्षांपूर्वी एकीने सांगितलं होतं आणि मी हसले होते, तू हसू नकोस. ठेवलंस आणि सकाळी चपला सापडल्या नाहीत, तर घाबरू नको; त्या त्या खोक्यातच असतील, आणि दुकानातल्यापेक्षा नीट असतील. तिला रागावू नको. दाराची कडी मात्र वरची लाव, खालची तिला सरावाने उघडता येते.

आणखी एक काम आहे, हे नक्की कर. ती तुला सांगेल की मी मजेत आहे, मला काही लागत नाही. ती चांगलं बोलते, तुला खरंच वाटेल. तसं म्हणाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, खाटेखालची पेटी ओढून एकदा उघडून बघ. रिकामी असेल तर ती खरंच मजेत आहे. भरलेली असेल तर त्यातलं काही काढू नकोस, जागच्या जागी ठेवायला जाऊ नकोस, मी तीच चूक केली. फक्त मला फोन कर. नंबर मागे आहे. बघशील ना?’